हाताने रंगवलेला की छापील? नीडलपॉइंटचा कॅनव्हास निवडताना

बोथटसुई (धागालेखिका)

"हाताने रंगवलेला कॅनव्हास घ्यावा की छापील?" हा प्रश्न नीडलपॉइंटच्या (जाळीदार कॅनव्हासवर सुईने टाके घालून चित्र भरण्याच्या कलेच्या) प्रत्येक धाग्यावर मध्येच उगवतो आणि दोन ओळींच्या उत्तरात विरून जातो. म्हणून हा वेगळा धागा. (कॅनव्हासचा धागा, भरायचा धागा आणि हा चर्चेचा धागा असा तिहेरी गुंता नको, म्हणून भरायच्या धाग्याला इथे दोरा किंवा लोकर म्हणू या.)

नीडलपॉइंटमध्ये टाका चौफुलीवर बसतो. उभा आणि आडवा धागा एकमेकांवरून जातात ती चौफुली. टेंट टाका चौफुलीच्या डावीकडच्या खालच्या भोकातून वर येतो, तिच्यावरून तिरका जातो आणि उजवीकडच्या वरच्या भोकात उतरतो. एक चौफुली, एक टाका, एक रंग. अर्धा लाल अर्धा पांढरा टाका घालता येत नाही. त्यामुळे रंग ब्रशने लावलाय की यंत्राने, ही चौकशी दुसऱ्या नंबरची. रंग चौफुल्या मोजून लावलाय की चित्र नुसतं वरून टाकलंय, हे आधी बघा.

हाताने रंगवलेल्यातही दोन जाती आहेत. एकीत प्रत्येक चौफुली मोजून रंगवतात. पाहिल्याबरोबर कळतं कुठे काय भरायचं. दुसरीत खाली चित्र ठेवून कॅनव्हासवर गिरवतात आणि साध्या चित्रासारखे रंग भरतात. कडा दोन धाग्यांच्या मध्ये कुठेही पडतात आणि निर्णय भरणाऱ्यावर येतो. दोन्हींवर "हाताने रंगवलेला" असंच लिहिलेलं असतं.

छापीलमध्ये स्क्रीन छपाई आणि डिजिटल छपाई. शिवाय ट्रॅम केलेला कॅनव्हास असतो, त्याबद्दल कुणीतरी जाणकाराने लिहा.

मोजून रंगवलेला महाग का, याचा हिशोब सोपा आहे. १० × १० इंचाच्या चित्रात १३ मेशवर (म्हणजे इंचाला १३ धागे) १६,९०० चौफुल्या येतात, १८ मेशवर ३२,४००.

---

ताणाबाणा

चांगला धागा. छापील कॅनव्हासवर सरळ रेघ वाकडी का दिसते, ते सांगतो. कारणं दोन, आणि लोक ती एकच समजतात.

पहिलं, कापड छपाईच्या वेळी तिरकं बसणं. फक्त १ अंश तिरकं बसलं तरी १२ इंचात सुमारे ०.२१ इंचाचा फरक पडतो. म्हणजे १३ मेशवर जवळजवळ पावणेतीन धागे, १८ मेशवर पावणेचार. चौकट असलेल्या चित्रात खालची किनार डावीकडे एका धाग्यावर सुरू होते आणि उजवीकडे तीन धागे वर जाऊन संपते.

दुसरं कारण, कॅनव्हास दोन्ही दिशांना अगदी सारखा विणलेला नसतो. १३ मेश म्हटलं तरी ताण्याच्या (उभ्या) आणि बाण्याच्या (आडव्या) दिशेत थोडा फरक असू शकतो. हा फरक २ टक्के धरला तर १२ इंचात, म्हणजे १५६ धाग्यांत, ३ धाग्यांची तूट येते. कापड कितीही सरळ लावलं तरी ही तूट जात नाही, कारण चित्र फूटपट्टीने मोजलेलं आणि कापड धाग्यांनी. हाताने मोजून रंगवणारा इंच मोजतच नाही, चौफुल्या मोजतो. त्याचं चित्र एखाद्या दिशेने अर्धा सेंटीमीटर लांब भरेल, पण रेघ धागा सोडणार नाही.

डिजिटल छपाईत चित्राचे आधीच चौकोन पाडून एकेक चौकोन एकेका चौफुलीवर येईल असं छापता येतं. मधला भाग छान जुळतो, चूक कडेकडे साचत जाते. म्हणून तपासणी नेहमी चारही कोपऱ्यांत करा.

---

काठपदर

तपासायचं कसं, तेही लिहा ना.

---

ताणाबाणा

बोथट सुई घ्या. चौकटीच्या एका कोपऱ्यात दोन धाग्यांच्या मधल्या खाचेत टोक ठेवा आणि त्याच खाचेतून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सरकवत न्या. सुई खाचेतून बाहेर पडत नाही, रंगाची कड तिच्यापासून दूर जाते का ते दिसतं. चारही बाजूंना करा. चौकट नसेल तर चित्रातली कुठलीही मुद्दाम सरळ काढलेली रेघ घ्या: टेबलाची कड, खिडकी, अक्षरांची ओळ.

पूर्ण लांबीत एक धागा सरकला तर सोडून द्या. दोन सरकले तर चित्र काय आहे त्यावर. तीन किंवा जास्त सरकले आणि चित्रात चौकट, पट्टे, चौकडीची नक्षी किंवा अक्षरं असतील तर तो कॅनव्हास घेऊ नये.

---

तीनपदरी

छापील कॅनव्हासची एवढी बदनामी बरी नव्हे :) १० मेशवर लोकरीने भरायचं फुलांचं चित्र असेल तर पाकळीची कड एक चौफुली इकडे की तिकडे, भरून झाल्यावर रंगवणाऱ्यालाही सांगता येणार नाही. झाडं, प्राणी, निसर्गदृश्य, पानाफुलांची गर्दी, इथे छापील उत्तम चालतो. भौमितिक नमुना असेल तर दोन्ही नकोत, कोरा कॅनव्हास आणि आलेखाचा कागद घ्यावा. मोजून भरायच्या नमुन्याला खाली रंगाची गरजच काय?

आणि न मोजता हाताने रंगवलेला कॅनव्हास छापीलपेक्षा वरचढ कशात, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

---

उलटीबाजू

तीनपदरी, पार्श्वभूमीत वरचढ. छापील संचात (कॅनव्हास आणि लोकर एकत्र मिळतात तो) पुष्कळदा मागची जागा कोरी पांढरी सोडतात. तिथे गडद निळी किंवा काळी लोकर भरली की टाक्यांच्या फटीतून पांढरे ठिपके डोकावतात. डोक्यात कोंडा झाल्यासारखं दिसतं. हाताने रंगवलेल्यात पार्श्वभूमीही बहुधा रंगवलेली असते, त्यामुळे दोरा किंचित बारीक पडला तरी झाकून जातं.

उपाय: भरायला घेण्याआधी कोऱ्या भागावर भरायच्या दोऱ्याच्या जवळचा ॲक्रिलिक रंग पाणी घालून पातळ करून स्पंजने टिपून लावा. घासायचं नाही, टिपायचं. रंग नेमका तोच नको, एक छटा फिका चालतो. २४ तास वाळू द्या. चित्राच्या कडेच्या दोन चौफुल्या अलीकडे थांबलात तर चित्र खराब व्हायची भीती नाही.

उलट अडचण हाताने रंगवलेल्यात येते. गडद रंगावर फिका दोरा भरला तर खालचा रंग वर मळकट सावली टाकतो. रंग बदलायचा असेल (लाल पक्षी पिवळा करायचाय वगैरे) तर त्या भागावर आधी पांढऱ्या ॲक्रिलिकचा पातळ हात द्या. जाड हात दिला की भोकं बुजतात.

---

बोथटसुई

हे भोकं बुजणं हाताने रंगवलेल्याचं खरं दुखणं आहे. विकत घेताना कॅनव्हास उजेडासमोर धरा. सगळीकडे चाळणीसारखा उजेड दिसला पाहिजे. काळा, गडद लाल, सोनेरी अशा जाड थरांच्या जागी उजेड अडतो. थोडी भोकं बुजली असतील तर जाड सुईने टोचून मोकळी करता येतात.  शेकड्याने बुजली असतील तर परत करा.

जाड थर घडीवर तडकतो, म्हणून गुंडाळून ठेवायचा, घडी नाही. आणि त्यावर थेट इस्त्री नको. ॲक्रिलिक उष्णतेने मऊ पडून इस्त्रीला चिकटतं.

---

नवीनच_आले

माफ करा, अगदी प्राथमिक शंका. अर्ध्या चौफुलीवर एक रंग आणि अर्ध्यावर दुसरा असेल तर कुठला भरायचा? आणि दोऱ्यांचे रंग कसे ठरवायचे? डिजिटल छापील गुलाबात गुलाबीच्या शंभर छटा दिसतायत.

---

तीनपदरी

शंकेत प्राथमिक काही नाही, सगळा प्रश्न इथेच तर आहे.

भोकाकडे बघायचं नाही, चौफुलीकडे बघायचं. अर्ध्यापेक्षा जास्त ज्या रंगाची, तो भरा. अगदी निम्मी-निम्मी असेल तर पुढच्या वस्तूला द्या, मागच्या वस्तूकडून काढून घ्या: पाकळी आणि आकाश असेल तर पाकळीला. गोलाईवर पायऱ्यांची लय सांभाळा. ३, २, १, १, २, ३ अशी लय असेल तर गोल दिसतो. ३, १, २, १, ३ झाली की डोळा तिथेच अडतो. छापीलमध्ये लय बिघडलेली असेल तर छपाईला मान देऊ नका, लयीला द्या.

छटांचं असं की स्क्रीन छपाईत प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते, त्यामुळे रंग मोजके आणि कडा ठाम. त्यात दोष येतो तो जाळ्या नीट न जुळल्याचा: दोन रंगांच्या मध्ये पांढरी फट किंवा दोन्ही एकमेकांवर चढून तिसराच मळकट रंग. तो तिसरा रंग भरायचा नसतो! डिजिटल छपाईत शाईचे बारीक ठिपके असतात, छटा एकमेकीत विरघळतात आणि सीमा कुठे नसतेच. तिथे सीमा तुम्हीच आखायच्या. तळहाताएवढ्या गुलाबाला १३ मेशवर ५ छटा पुरतात: सर्वात गडद खोलगट जागी, सर्वात फिकी पाकळीच्या वळलेल्या कडेला, मध्ये तीन. आधी सर्वात गडद आणि सर्वात फिकी भरून टाका, मधल्या तिघींच्या जागा आपोआप दिसायला लागतात. डोळे बारीक करून चार हातांवरून बघितलं तरी छटांचे पाच गट पडतात.

दोरे दिवसाच्या उजेडात निवडा आणि लडी कॅनव्हासवर ठेवून निवडा. एकच पदर ओढून बघा. लडीत रंग नेहमी जास्त गडद दिसतो.

---

गाठनको

छापील संचांबद्दलची एक मोठी तक्रार कुणी मांडली नाही: लोकर कमी पडते. संचात मोजून दिलेली असते तरी.

---

उलटीबाजू

त्यात फसवणूक नसते, टाका वेगळा असतो. बऱ्याच छापील संचांतली लोकर हाफ क्रॉस टाक्यासाठी मोजलेली असते. हाफ क्रॉस, कॉन्टिनेंटल आणि बास्केटवीव्ह (हा तिरक्या ओळींनी भरतात) हे टेंट टाक्याचेच तीन प्रकार, पुढून सारखेच दिसतात. मागून वेगळे, आणि लोकर मागे खर्च होते.

हिशोब मांडते. टाका पुढून चौफुलीच्या कर्णावर, म्हणजे १.४१ घरं (घर म्हणजे शेजारच्या दोन भोकांमधलं अंतर). मागे हाफ क्रॉसला १ घर, बास्केटवीव्हला २, कॉन्टिनेंटलला २.२४. एका टाक्याची बेरीज अनुक्रमे २.४१, ३.४१ आणि ३.६५ घरं. एका चौरस इंचाला लागणारा दोरा इंचात हवा असेल तर या आकड्याला मेशने गुणा:

१० मेश: हाफ क्रॉस २४ इंच, बास्केटवीव्ह ३४ इंच
१३ मेश: ३१ आणि ४४
१८ मेश: ४३ आणि ६१

म्हणजे हाफ क्रॉसच्या संचात बास्केटवीव्ह भरायला घेतलं तर ४१ टक्के जास्त लोकर लागणार. यावर सुरुवात-शेवटची टोकं धरा. १८ इंचाच्या दोऱ्यातले साधारण ३ इंच टोकांत जातात, म्हणून वरचा आकडा १.२ ने गुणा. ८ मीटरची लोकरीची लडी १० मेशवर बास्केटवीव्हने जेमतेम साडेसात चौरस इंच भरते.

उदाहरण: १३ मेश, ५० चौरस इंच पार्श्वभूमी, पर्ल कॉटन (पीळदार सुती दोरा) ३ नंबर. ५० × ४४ × १.२ = २,६४० इंच, म्हणजे ६७ मीटर. डीएमसी कंपनीची ३ नंबरची लडी १५ मीटरची, तेव्हा ५ लागतात. ६ घ्या आणि सगळ्या एकाच रंगघाणीच्या (एकाच वेळी रंगवलेल्या) घ्या. लेबलवर घाणीचा नंबर असेल तर तो बघा. दुसऱ्या घाणीची लडी पार्श्वभूमीत पट्ट्यासारखी उठून दिसते.

---

नवीनच_आले

मग हाफ क्रॉसच भरला तर काय बिघडतं?

---

ताणाबाणा

कॅनव्हास कुठला आहे त्यावर. साधा मोनो कॅनव्हास म्हणजे एक उभा, एक आडवा, नुसते एकमेकांवरून-खालून गेलेले. त्यावर हाफ क्रॉस घातला तर चौफुली मागून बांधली जात नाही. धागे सरकतात आणि काही टाके दोन धाग्यांच्या मध्ये घुसून दिसेनासे होतात. इंटरलॉक कॅनव्हासमध्ये ताण्याचे दोन बारीक धागे आडव्या धाग्याला पीळ घालून धरतात. तिथे हाफ क्रॉस टिकतो. पेनेलोपी, म्हणजे जोडधाग्याच्या कॅनव्हासवरही टिकतो.

छापील माल इंटरलॉकवर बराच दिसतो. कापड सरकत नाही, कडेचे धागे सुटत नाहीत, छपाईला सोयीचं. हाताने रंगवलेला बहुधा मोनोवर, १३ किंवा १८ मेश. मोनोच्या कडा सुटतात, म्हणून आधी चारही बाजूंना चिकटपट्टी मारा आणि चित्राबाहेर निदान २ इंच कोरा कॅनव्हास ठेवा. इंटरलॉकचा तोटा शेवटी कळतो: भरून तिरका झालेला तुकडा ओढून चौकोनी करताना तो मोनोइतका ऐकत नाही.

मोनोवर बास्केटवीव्ह घालताना विणीकडे बघायची सवय लावा. चौफुलीवर उभा धागा वर असेल तर ती तिरकी ओळ खाली उतरताना भरायची, आडवा धागा वर असेल तर वर चढताना. उभ्यावर उतरा, आडव्यावर चढा. एका दिशेच्या दोन ओळी लागोपाठ आल्या तर पुढून फिकट तिरकी रेघ दिसते, आणि ती उसवल्याशिवाय जात नाही. रंगाचा थर जाड असेल तर वीण दिसत नाही, हा हाताने रंगवलेल्याचा आणखी एक दोष. तिथे कॅनव्हास उलटा करून मागून बघा. फक्त मागून उभा-आडवा उलट दिसतो हे ध्यानात ठेवा: मागे आडवा वर असेल तर पुढे उभा वर.

---

काठपदर

ट्रॅमबद्दल लिहिते, बोथटसुईंनी विचारलंय म्हणून.

ट्रॅम केलेला कॅनव्हास पेनेलोपीचा असतो. त्यावर प्रत्येक रंगाची लोकर आडव्या लांब टाक्यांनी आधीच घातलेली असते, आडव्या जोडधाग्यांच्या बरोबर मधून. तुम्ही त्याच रंगाने तिच्यावरून टेंट टाका भरायचा. रंगाची शंका उरतच नाही. खाली लोकरीची गादी असल्याने टाका भरीव येतो, कॅनव्हास डोकावत नाही. लोकर मात्र बारीक घ्यावी लागते, नाहीतर तुकडा फळीसारखा ताठ होतो.

पेनेलोपीचा खरा फायदा चेहऱ्यात. १० मेशचे जोडधागे सुईने वेगळे केले की तिथे २० मेश मिळतो, एका टाक्याच्या जागी चार. छापील चित्रात चेहरा आणि हात असतील तर कॅनव्हास जोडधाग्याचा आहे का ते आधी बघा. डोळ्याचं बुबुळ पाव इंचाचं असेल तर १० मेशवर जेमतेम अडीच टाके येतात, २० वर पाच.

---

बोथटसुई

वा, नेमकं हेच हवं होतं. दोन धाग्यांच्या मध्ये छापलेली भुवई १३ मेशवर एका बाजूला वर गेली तर चेहरा रागावलेला दिसतो. चेहऱ्यासाठी मोजून रंगवलेला घ्या किंवा चेहरा आलेखावर स्वतः बसवा. बाकी चित्र छापील चालेल.

---

शिरोरेघ

देवनागरी अक्षरांचं कुणी बोलत नाहीये, म्हणून. नाव किंवा ओळ भरायची असेल तर न मोजता केलेल्या छपाईवर विसंबू नका. रोमन अक्षरं सुटी-सुटी असतात, एखादं अर्धा धागा खाली-वर झालं तरी खपतं. आपल्याकडे शिरोरेघ सगळ्यांना जोडते. ती मध्येच एक धागा चढली की पायरी पडते आणि लांबूनही दिसते.

किमान उंची: शिरोरेघ १ ओळ, खाली अक्षराचं अंग ७, वर वेलांटी-मात्रेला ४, खाली उकाराला ३. एकूण १५ चौफुल्या. १३ मेशवर सव्वा इंचाच्या आत, १८ वर पाऊण इंचाहून थोडं जास्त. याखाली गेलात तर 'घ' आणि 'ध' सारखेच दिसू लागतात.

आणि एक गंमत. टेंट टाका उजवीकडे वर झुकतो. त्याच दिशेची तिरकी रेघ सलग दोरीसारखी दिसते. उलट दिशेची, म्हणजे डावीकडे वर जाणारी, सुट्या मण्यांसारखी. आपली मात्रा नेमकी डावीकडे वर जाते! म्हणून मात्रेच्या त्या तीन-चार टाक्यांपुरता टाका उलट झुकवा. किंवा आधी पार्श्वभूमीचं टेंट भरून घ्या आणि मात्रा वरून एका लांब टाक्याने काढा. छापील किंवा रंगवलेल्या कॅनव्हासवर मात्रेचा रंग खाली दिसत असेल तर तो फिका आहे ना ते बघा. गडद असेल तर आधी पांढऱ्या रंगाने झाका.

---

गाठनको

मात्रेचं हे कधी लक्षातच आलं नव्हतं. +१

रंग जाण्याबद्दल: छापील कॅनव्हासचा रंग जातो, हाताने रंगवलेल्याचा जात नाही, हे सरसकट खरं नाही. वाळलेलं ॲक्रिलिक पाण्याने जात नाही, पण त्याखालची बाह्यरेषा कुठल्या पेनाने काढली यावर सगळं अवलंबून. 'पक्की शाई' लिहिलेली पेनंही ओल मिळाल्यावर फुटतात आणि फिक्या लोकरीतून करडी-जांभळी रेघ वर येते. आणि हे कळतं सगळं भरून झाल्यावर, तुकडा ओला करून ताणताना.

म्हणून आधीच चाचणी. पांढरं सुती कापड ओलं करून चित्राच्या कडेला गडद रंगावर आणि बाह्यरेषेवर ३० सेकंद दाबून धरा, घासू नका. मग त्याच जागी वाफ देऊन पुन्हा कोरडं कापड दाबा. लाल, काळा आणि गडद निळा नक्की तपासा. कापडाला रंग लागला तर काम पुरं झाल्यावर तुकडा ओला करायचा नाही. तेव्हा पहिल्यापासून लाकडी चौकटीवर ताणून, दर इंचाला टाचणी मारून, फक्त बास्केटवीव्हने भरा, म्हणजे तो फारसा तिरका होणार नाही. वरून फवारा मारून रंग पक्का करणाऱ्या द्रव्यांवर भरवसा ठेवू नका; भोकाच्या आतल्या बाजूला ते पोचेलच असं नाही.

---

काठपदर

लेबलवर काहीही लिहिलेलं असो, ओळखायचं कसं? १० पट मोठं दाखवणारं भिंग असेल तर झटकन. डिजिटलमध्ये निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके दिसतात. हाताने रंगवलेल्यात रंगाचा थर सलग असतो, ब्रशची दिशा दिसते आणि रंग धाग्यांच्या कडेने भोकात उतरलेला असतो. मागून पाहिलं तर हाताच्या कामात रंग कुठे झिरपलाय, कुठे नाही, असा अनियमित. छापीलमध्ये बहुधा मागची बाजू जवळजवळ कोरी. बाह्यरेषा छापून आतले रंग हाताने भरलेलेही असतात. तेव्हा भिंग रेषेवर आणि रंगावर, दोन्हींवर धरा.

---

नवीनच_आले

स्वतः रंगवता येईल का? कोरा कॅनव्हास आणि चित्र आहे.

---

बोथटसुई

नक्की येईल. १३ मेशचा पांढरा मोनो घ्या. चित्र काळ्या जाड रेघेने कागदावर काढा, कॅनव्हास वर ठेवून टाचण्या मारा, खालून उजेड मिळाला तर उत्तम. कॅनव्हासचा काठ, म्हणजे विणीची बंद कड, उभी ठेवा. चित्राची मध्यरेषा एका उभ्या खाचेवर बसवा आणि तिथूनच मोजायला सुरुवात करा. कडेकडून सुरू केलंत तर चूक एका बाजूला साचेल.

बाह्यरेषा काळ्या पेनाने नाही, फिक्या करड्या ॲक्रिलिकने काढा. पेनच वापरायचं तर गाठनको यांची ओली चाचणी त्या पेनावर आधी, कॅनव्हासच्या तुकड्यावर. रंग दुधाच्या सायीइतका दाट ठेवा. त्याहून पातळ झाला तर धाग्यातून शेजारच्या चौफुलीवर पसरतो, दाट राहिला तर भोकं बुजवतो. १३ मेशला १ किंवा २ नंबरचा गोल ब्रश, १८ ला त्याहून बारीक. ब्रशचं टोक चौफुलीवर टेकवायचं, रेघ ओढायची नाही. आधी फिके रंग, मग गडद. चुकलेली फिकी चौफुली गडद रंगाने झाकते, उलट होत नाही. २४ तास वाळवा.

दुसऱ्याचा विकत घेतलेला कॅनव्हास गिरवून किंवा स्कॅन करून छापून घेऊ नका. चित्राचा हक्क ते काढणाऱ्याचा असतो, कॅनव्हास विकत घेतला म्हणून तो आपल्याकडे येत नाही. आपल्या कामापुरता फोटो मात्र जरूर काढा, बाजूला फूटपट्टी ठेवून. चार वेळा उसवल्यावर छपाईची शाई घासली जाते आणि मग कुठला रंग कुठे होता ते फोटोतच सापडतं.

---

तीनपदरी

सुया-दोऱ्यांचं राहिलंय. १० मेशला १८ नंबरची सुई आणि पर्शियन लोकरीचे (हिचे पदर सुटे करता येतात) ३ पदर किंवा टॅपेस्ट्री लोकरीचा (ही सलग एकपदरी) १. १३-१४ मेशला २० नंबरची सुई, पर्शियनचे २ पदर किंवा पर्ल ३ नंबर. १८ मेशला २२ नंबरची सुई, पर्शियनचा १ पदर किंवा पर्ल ५ नंबर. छापील आणि कोऱ्या पांढऱ्या कॅनव्हासवर गडद रंग भरताना दोरा थोडा जाड लागतो, म्हणून आधी कोपऱ्यात एक इंचाचा चौकोन भरून उजेडासमोर धरा. लोकर १८ इंचांहून लांब घेऊ नका, शेवटच्या टाक्यांपर्यंत ती घासून निम्मी होते.

---

गाठनको

शेवटचा प्रश्न माझाही. छापील कॅनव्हासची खालची किनार तीन धागे चढलेली असेल आणि बाकी निम्मं चित्र भरून झालं असेल, तर? उसवावं?

---

ताणाबाणा

उसवू नका. किनार छपाईप्रमाणे भरायचीच नाही. डाव्या कोपऱ्यातली आणि उजव्या कोपऱ्यातली कड ज्या धाग्यांवर येते त्यांच्या मधला धागा निवडा आणि सगळी किनार त्याच एका ओळीवर मोजून भरा. मग डावीकडे छापलेला पट्टा एक-दोन धागे बाहेर राहील, उजवीकडे एक-दोन धागे आत येईल. बाहेर राहिलेला रंग पांढऱ्या ॲक्रिलिकने झाका. आत आलेल्या जागी पार्श्वभूमी एक-दोन ओळी जास्त भरा.

किनारीवर चढलेलं पान किंवा फूल असेल तर आणखी सोपं: किनार डावीकडे एका धाग्यावर आणा, उजवीकडे दुसऱ्या धाग्यावरून सुरू करा, आणि पायरी त्या पानाखाली जाऊ द्या.